मत न द्यायला गावाला

मत द्यायचं नसेल तर माणसं घरी झोपतात, नाहीतर सुट्टी धरून महाबळेश्वरला जातात. आम्ही नवरा-बायको डोंबिवलीहून रत्नागिरीला गेलो. ज्या वाडीच्या मतदार यादीत आमची नावं आहेत त्याच वाडीत, मतदान केंद्राच्या समोर बसून मत न देण्यासाठी. माहेरची माणसं अजून हसतात या गोष्टीला. मला त्यात आता हसण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून हा लेख.

गावाचं नाव लिहिणार नाही. रत्नागिरीपासून एसटीने दीड तास आत, इतकं पुरे. कारण शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आधी थोडं वाडीबद्दल. आमची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहे. गाव अलीकडे, रस्ता अलीकडे, दवाखाना अलीकडे आणि स्मशानही अलीकडे. पावसाळ्यात पऱ्या भरला की वाडी तुटते. दरवर्षी वाडीतले लोक पऱ्यावर सुपारीच्या खोडांचा साकव बांधतात आणि दरवर्षी तो जुलैपर्यंत वाहून जातो. सिमेंटच्या साकवाचं आश्वासन माझ्या लग्नाच्याही आधीचं आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी माझे चुलत सासरे दत्ताराम काका वारले, तेव्हा त्यांना पलीकडे न्यायला वाट नव्हती. पाणी उतरेपर्यंत दीड दिवस काका पडवीत होते. त्या दीड दिवसाबद्दल वाडीत कोणी बोलत नाही. पण या विधानसभेला मतदानावर बहिष्कार टाकायचा असं ठरलं ते त्यातूनच.

वाडीचं मत पूर्वी मुंबईत ठरायचं. मुंबईला गेलेल्यांनी सांगायचं आणि इकडे शिक्का मारायचा. एकच झेंडा होता तोवर हे सोपं होतं. झेंड्याचे दोन झाले तसे घराघरात दोन तट पडले. आमच्याच घरात मी एकीकडे आणि सुहास, माझा नवरा, दुसरीकडे. बहिष्काराच्या मुद्द्यावर मात्र वाडी कित्येक वर्षांनी एक झाली. सुहास वाडीच्या मुंबईकर मंडळाचा चिटणीस. उमेदवारांच्या गाड्या न्यायला तयार होत्या, त्यांना मंडळाने नाही म्हटलं. "आपल्या खर्चाने जायचं आणि सगळ्यांनी तिथे हजर राहून मत द्यायचं नाही. मुंबईत बसून राहिलो तर लोक म्हणतील, आळशी होते." सुहासचं हे म्हणणं मला पटलं होतं.

दिवाळी संपली होती, त्यामुळे रेल्वेचं आरक्षण मिळालं. (कोकणात जाणार असाल तर रेल्वेच बरी. महामार्गाचं काम कधी संपणार हे विचारू नका, कोणाला माहीत नाही.) दुपारी रत्नागिरीला उतरलो. स्टेशन शहराबाहेर उंचावर आहे, एसटी स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते, भाडं आधी ठरवा. स्टँडसमोर कुळथाची पिठी आणि भात मिळाला आणि तीनची गाडी पकडून साडेचारला तिठ्यावर उतरलो. तिथून खाली जांभ्या दगडाची पाखाडी. पायऱ्या झिजल्यात, चाकाची बॅग नेऊ नका. मी नेली होती.

पऱ्याला गुडघाभर पाणी होतं. भातं कापून झाली होती आणि खळ्याखळ्यावर झोडणी चालली होती. पलीकडे पहिलंच घर यशोदाकाकीचं, दत्ताराम काकांच्या मागे ती एकटी राहते. मूलबाळ नाही. गावाला गेलो की आम्ही तिच्याकडेच उतरतो. हात धुऊन चहा घेतोय तोवर तिने ट्रंकेतून एक कार्ड आणून माझ्या हातात ठेवलं. नवीन मतदार ओळखपत्र.

"बघ गो मेधा. माजा हाय काय ता?"

फोटो तिचाच होता. नाव तिचंच. मी हो म्हटलं. सुहास उठून बाहेर गेला.

त्याच्या उठून जाण्याला कारण होतं. काकांचं बारावं झालं तेव्हा सुहास वाडीत होता आणि त्याने उत्साहाने मोबाईलवर सगळी कागदपत्रं करायला घेतली होती. मतदार यादीतून नाव कमी करण्याचा अर्जही त्यातच. काकांना सगळी वाडी, सुहाससुद्धा, 'भाऊ' म्हणायची. यादीत भाऊ असेल की दत्ताराम, म्हणून खात्री करायला त्याने पडवीतून आत ओरडून विचारलं, "काकी, कार्डावरचं नाव काय गो?" आता आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मेल्यावरही नाही. नाव विचारलं म्हणजे आपलंच विचारलं असणार, असं समजून काकीने आतून सांगितलं, "यशोदा." चिटणीस साहेबांचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं म्हणा, किंवा दहा अर्ज एकदम भरत होते म्हणा, त्यांनी यशोदा शोधली आणि मयत म्हणून पाठवून दिली. पडताळणीला कोणी यायचं तर पऱ्याला पाणी. काकी यादीतून गेली आणि काका राहिले.

हे कळलं लोकसभेला. काकी रांगेत उभी राहिली आणि तिला सांगण्यात आलं की आजी, तुमच्या नावापुढे मयत लिहिलंय. रांगेतली माणसं हसली. काकीही हसली म्हणतात. मग ती एसटीने रत्नागिरीला खेपा घालू लागली. फोटो, आधार कार्ड, हयातीचा दाखला, पुन्हा फोटो. भातलावणीच्या दिवसांतही गेली. नवीन कार्ड आलं ते या मतदानाच्या जेमतेम आधी, आणि तेवढ्यात वाडीने बहिष्कार ठरवला. तोही तिच्याच नवऱ्यासाठी.

मतदानाच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला देवळात सभा झाली. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवीचा कौल लागतो. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवून गाऱ्हाणं घालतात. उजवं फूल आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही. वर्तमानपत्रवाले निकालाला जनतेचा कौल म्हणतात, तो शब्द इथलाच. बहिष्काराला देवीने महिन्यापूर्वीच उजवा कौल दिला होता. सभा फक्त उजळणीसाठी होती.

बाबू गावकर वाडीचे मानकरी. सत्तरीचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "शून्य म्हंजे शून्य. एक जरी मत पडला तर पेपरात येनार, बहिष्कार फसला. मग आमी दीड दिस भाऊला पडवीत ठेवला ता कुनाला सांगाचा?"

माना हलल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने काकी उभी राहिली.

"माजा इचारा देवीला."

"तुजा काय?"

"मी मेलेलं हाय म्हनून लिवलान. मी मत दिला तरच परत जित्ती व्हनार. ता देऊ की नको, इचारा."

सुहास फरशीकडे बघत होता. मला वाटलं आता तरी हा उठेल आणि सांगेल की चूक माझी आहे. तो उठला नाही. गुरवाने गावकरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "एका गोष्टीचा दोनदा कौल मागत नाय, वयनी."

"ही दोन गोष्टी हायत," काकी म्हणाली. पण ती खाली बसली.

खरं सांगते, त्या क्षणी मला दोघांचंही पटत होतं. गावकरांचंही आणि काकीचंही. घरी जाताना मी सुहासला म्हटलं, तिला एकटीला सूट द्यायला सांग. तो म्हणाला, "एकीला दिली की संपलं." मी म्हटलं, अर्ज तू भरलास. तो भराभर पुढे चालायला लागला.

मतदानाचा दिवस मी विसरणार नाही. केंद्र वाडीच्या शाळेत. अधिकारी आदल्या दिवशीच आले होते. मतदान यंत्राच्या पेट्या डोक्यावर धरून, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांना पऱ्या ओलांडावा लागला होता, आणि ते बघून वाडीतल्या बाप्यांना जरा समाधान वाटलं होतं. सकाळी सात वाजता केंद्र उघडलं. आम्ही सगळे शाळेसमोरच्या फणसाखाली बसलो. मुंबईहून आलेले, गावचे, काठी टेकत आलेले. दीडशेच्या वर मतदार आणि पलीकडे व्हरांड्यात पाच माणसं रिकाम्या दाराकडे बघत बसलेली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. कोणी विडी ओढतंय, कोणी मोबाईल बघतंय. इतकं शिस्तीत न झालेलं मतदान मी कुठे पाहिलं नाही.

दुपारी वाडीने अधिकाऱ्यांना जेवण पाठवलं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सोलकढी. बहिष्कार मतदानावर आहे, माणसांवर नाही, असं गावकर म्हणाले. एक तरुण अधिकारी हात धुवायला बाहेर आला आणि सुहासला हळूच म्हणाला, "साहेब, चारदोघांनी तरी द्या हो. आम्हाला वर उत्तरं द्यावी लागतात." सुहास म्हणाला, "आम्हालाही कोणी उत्तर दिलेलं नाही."

काकी फणसाखाली आली नव्हती. दिवसभर खळ्यावर भात झोडत होती. चार वाजता मी पाणी प्यायला घरी गेले तर ती न्हाऊन, काठाचं हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेली. कार्ड हातात.

"मी जातंय," म्हणाली. "तू येतंस काय गो?"

मी म्हटलं, "येते."

आम्ही दोघी निघालो. मला वाटत होतं मी फार धीराचं काम करतेय. फणसाखाली आम्ही दिसलो तशी माणसं उभी राहिली. कोणी अडवलं नाही. गावकर पुढे आले.

"वयनी, इचार केलास ना?"

"केला."

"भाऊसाठी बसलाव आमी."

"त्यांच्यासाठी तुमी बसलाव, ता बरा केलाव," काकी म्हणाली. "माज्यासाठी मीच जायाला होया."

गावकर बाजूला झाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती, ती का, ते मला कळलं नाही. सुहास माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

शाळेच्या पायरीशी मी थांबले. काकी आत गेली. दार उघडंच असल्यामुळे सगळं दिसत होतं. अधिकाऱ्यांची इतकी धांदल उडाली की एकाची खुर्चीच पडली. पहिल्या टेबलावरच्याने कार्ड घेतलं, यादी काढली आणि म्हणाला, "आजी, नाव सांगा. पूर्ण."

"लिवलाय ना तितं."

"तुम्ही सांगायचं असतं."

"यशोदा."

"पूर्ण नाव. यशोदा पुढे?"

काकी गप्प. तो बिचारा वाट बघत राहिला, त्याला काय माहीत. उखाण्यातसुद्धा काकीने नाव लपवून घेतलं होतं असं माझ्या सासूबाई सांगायच्या. मला वाटलं आता ही परत फिरते. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि स्पष्ट, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाली, "दत्ताराम."

यादीत काकांचं नाव तिच्या नावाच्या वरच होतं, अजून तसंच. अधिकाऱ्याने खाली खूण केली. बोटाला शाई लागली. काकी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली आणि बऱ्याच वेळाने यंत्राची लांब शिट्टी वाजली. फणसाखाली ती सगळ्यांनी ऐकली.

तरुण अधिकारी दारात आला. "मॅडम, तुमचं नाव आहे का यादीत?"

माझं कार्ड पर्समध्ये होतं. मी म्हटलं, "आहे. पण आमचा बहिष्कार आहे."

तेव्हा मला हे उत्तर फार बरोबर वाटलं. काकीला सोबत केली आणि वाडीचा शब्दही मोडला नाही, दोन्ही साधलं, अशी मी स्वतःची पाठ थोपटली.

सहा वाजता यंत्र बंद झालं. एकूण मतदान एक. त्या रात्री काकीकडे विस्तव मागायलाही कोणी आलं नाही. वाळीत टाकलं असं कोणी म्हणालं नाही, सभा भरली नाही. फक्त सकाळी झोडणीला येणाऱ्या दोन शेजारणी आल्या नाहीत. अर्धं भात खळ्यावर तसंच होतं. काकीने पेंढी उचलली. मी चहा करत होते. बाहेर धपाधप आवाज दुहेरी यायला लागला म्हणून डोकावले तर सुहास सदरा काढून झोडत होता. त्याला सवय नाही, पेंढ्या हातातून सुटत होत्या. वाटेवरून जाणारे बघत होते, त्यात मंडळाचे लोकही होते. तासाभराने तो खळ्यावर बसला आणि म्हणाला, "काकी, नाव मी चुकीचं टाकलं होतं. मुद्दाम नाही."

"म्हायत हाय मना," काकी म्हणाली. "पेंढी वाईच आवळून धर, दाना उडतो."

तिसऱ्या दिवशी निघालो. गाडीला वेळ होता म्हणून रत्नागिरीत थोडं फिरलो. मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीचा लिलाव आटोपला होता, बर्फाच्या गाड्या परतत होत्या. जाळं विणत बसलेल्या एकाच्या बोटावर शाई बघून मी विचारलं, इथे मतदान कसं झालं? "रांगा व्हत्या ना," तो म्हणाला. "आमचा खलाशी ट्रॉलर सोडून आला. तुमच्या बोटाला शाई नाय ती?" मी हात पदराखाली घेतला. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर बसलो. वाळू स्वच्छ आहे, सुरूच्या बनात सावली आहे, रिक्षाने वीस मिनिटं. एरवी मी या जागेवर दोन परिच्छेद लिहिले असते. त्या दिवशी आम्ही शेंगदाण्याची पुडी दोघांत संपवली आणि स्टेशनवर गेलो.

डोंबिवलीला पोचतोय तेवढ्यात स्थानिक पेपरातलं कात्रण मंडळाच्या ग्रुपवर आलं. 'बहिष्कार झुगारून आजीबाईंनी बजावला हक्क.' काकीचं कौतुक चांगलं सहा ओळी. साकव शेवटच्या ओळीत, तोही 'विविध मागण्यांसाठी' या दोन शब्दांत. गावकरांनी सांगितलं होतं तसंच झालं. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, एका म्हातारीने वाडी बुडवली. सुहासने उत्तर लिहिलं, खोडलं आणि मग ग्रुपच सोडला. चिटणीसपदही सोडलं. साकवाचं अजून काही झालेलं नाही.

आणि मग मतमोजणी. मोजणीच्या टेबलावर प्रत्येक केंद्राची मतं वेगळी वाचतात आणि तिथे बसलेले प्रतिनिधी ती लिहून घेतात. संध्याकाळी सुहासच्या एका मित्राने त्या कागदाचा फोटो पाठवला. आमच्या केंद्राची ओळ. उमेदवारांची नावं एकाखाली एक आणि पुढे शून्य, शून्य, शून्य. एका नावापुढे एक.

मी तो फोटो बघत राहिले. गुप्त मतदान म्हणतो आपण. दीडशे जणांच्या वाडीत एकच मत पडलं तर ते गुप्त कसं राहील? काकीने कोणाला दिलं ते अख्ख्या वाडीला, दोन्ही झेंड्यांच्या माणसांना त्याच संध्याकाळी कळलं. ज्यांना मिळालं नाही ते आता उघड रागावणार आणि ज्यांना मिळालं ते पुढच्या वेळी हक्काने मागायला येणार. नाव मी इथे लिहिणार नाही. गावाचं नाव का लिहिलं नाही तेही आता कळलं असेल. आणि हे मला त्या दिवशी पायरीशी उभी असताना सुचलं नाही. माझं दुसऱ्या झेंड्याला जाणारं एक मत पडलं असतं तर काकीचं मत झाकलं गेलं असतं. दोन्ही साधलं म्हणून पाठ थोपटणारी मी, मला स्वतःची फार लाज वाटली.

मी तिला फोन लावला. शेजारणी पुन्हा यायला लागल्यात का, भात घरात आलं का, असं काहीबाही विचारून झालं. मग म्हटलं, "काकी, निकालाचा कागद आलाय. तुझं मत कळलं सगळ्यांना."

"कळनारच व्हता. एकच पडला."

"तुला हे आधी माहीत होतं?"

"सगळ्यांनला म्हायत व्हता. गावकरबी त्याच्यासाठीच पुढं आला, इचार केलास ना म्हनून."

मी म्हटलं, "मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"इचारला ना तुला. तू येतंस काय गो, म्हनून इचारला. तू म्हनालीस, येते." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "मना वाटला, मत द्याया येतंस. मी आत गेलं आन् मागं बघतंय तर तू पायरीवर."